काटा कधी चालतो, कधी पडतो



जुनी गाडी म्हणजे घरातल्या पुरुषांचं खातं, असं आपण ठरवूनच टाकलेलं असतं. आमच्या प्रीमियर पद्मिनीचा वेगाचा काटा चालता चालता शून्यावर पडू लागला, तेव्हा गॅरेजमधून निकाल आला, "मीटर गेलंय, बदला." मला हे पटलं नाही. कुकरची शिट्टी होईना म्हणून आपण कुकर बदलतो का? आधी रिंग बघतो, मग शिट्टीचं भोक बघतो. इथेही तसंच करायला हवं.

या गाडीत वेग मोजायला वीज लागत नाही. गिअरबॉक्समधल्या छोट्या दातेरी चाकावर एक पिळाची तार फिरते आणि केबलच्या आवरणातून थेट मीटरपर्यंत येते. तिथे ती लोहचुंबक फिरवते. चुंबकाच्या ओढीने धातूची वाटी वळू पाहते, केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला आवरते आणि या ओढाताणीत काटा जिथे थांबतो, तो आपला वेग. किलोमीटरचे आकडेही तीच तार सरकवते.

म्हणून पहिला प्रश्न एकच: काटा पडला तेव्हा आकडे सरकत होते का? हे शेजारी बसणाऱ्या बाईला सहज दिसतं. आकडे सरकतात आणि काटा पडलेलाच असेल, तर दोष मीटरमध्ये. दोन्ही एकदम थांबतात, एकदम सुरू होतात, तर दोष बहुतेक केबलमध्ये किंवा गिअरबॉक्सकडच्या टोकाला. काटा नुसता थरथरत असेल, तर तार कोरडी पडलेली असते किंवा केबल कुठेतरी जास्त वाकलेली असते.

आमच्याकडे दोन्ही एकदम थांबत होते. केबलच्या दोन्ही टोकांचे नट घट्टच होते. मग मीटरमागून केबल सोडली, सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये हळूहळू ढकलली आणि तारेचं टोक बघितलं. ते मध्येच फिरे, मध्येच थांबे. तार ओढून काढली, तर तिचं खालचं चौकोनी टोक झिजून गोल झालेलं! नवी केबल घातली, हलकं ग्रीस लावलं, फक्त मीटरकडची दोन बोटं तार कोरडी ठेवली, नाहीतर ग्रीस मीटरमध्ये शिरतं. मीटर जुनंच राहिलं. पद्मिनीचं उत्पादन थांबून वीस वर्षं उलटून गेली. चांगलं मीटर टाकून दिलं तर तसं दुसरं सहजी मिळायचं नाही.

एवढ्याशा काट्यासाठी इतकं कशाला, असं कुणी म्हणेल. माझं माहेर सातारा, सासर सांगली. कऱ्हाड, पेठ नाका करत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, त्यातला बराचसा महामार्गाचा. पूर्ण बंद काटा निदान फसवत नाही. कधीमधी चालणारा फसवतो, कारण त्याच्यावर आपला विश्वास असतो. शिवाय आकडे अडले की ऑइल बदलायचा हिशेबही चुकतो. दुरुस्ती होईपर्यंत शेजारी बसणाऱ्याने मोबाइलवर वेग बघून सांगावा, हे उत्तम.

ही गाडी बनवणारी कंपनी १९४४ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी काढली. ते आपल्याच समाजातले. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही त्यांचंच नाव आहे. हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मग त्या गाडीची केबल कुठून कुठे जाते, एवढं आपल्याला माहीत असायला काय हरकत आहे?

पुढच्या वेळी कुणी "मीटर बदला" म्हणालं, तर पैसे काढण्याआधी एवढंच विचारा: "आकडे सरकत होते का?"