एक पाकीट, एक लिटर

जुलाब झालेल्या मुलाला घेऊन आई दवाखान्यात आली की पहिला प्रश्न असतो, ‘ओआरएस दिलं का?’ उत्तर ‘हो’ आले की चौकशी थांबते. खरे तर पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: ‘किती पाण्यात कालवलं?’

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून शिफारस केलेल्या ओआरएसच्या मोठ्या पाकिटात २०.५ ग्रॅम पावडर असते. ती एक लिटर पाण्यात विरघळवली की त्यात ७५ मिलिमोल सोडियम आणि तेवढेच ग्लुकोज असते. या जोडीनेच आतडे क्षार आणि पाणी शोषून घेते. हेच पाकीट २०० मिलिलिटरच्या पेल्यात ओतले, तर सोडियमचे प्रमाण पाचपट, म्हणजे लिटरला ३७५ मिलिमोल होते. रक्तात ते सुमारे १४० असते. इतक्या दाट द्रावणाने जुलाब वाढू शकतात, रक्तातले सोडियम चढून बाळाला झटकेही येऊ शकतात. दोन लिटरमध्ये कालवले, तर प्रमाण निम्म्यावर येते आणि गेलेले क्षार पुरेसे भरून निघत नाहीत.

चूक लक्षात आली की द्रावण फेकून दुसरे पाकीट कालवणे उत्तम. पाकीट एकच असेल तर हिशेब सोपा आहे. पाणी घातल्याने क्षार वाढत नाहीत, फक्त पसरतात. पाचपट दाट द्रावण जेवढे उरले असेल, ते पाणी घालून पाचपट करायचे. पेला भरलेला असेल तर आणखी ८०० मिलिलिटर पाणी. बाळ अर्धा पेला प्यायले असेल, तर उरलेल्या १०० मिलिलिटरमध्ये ४००च. अर्धे क्षार पोटात गेलेले असतात. असे मूल सुस्त किंवा फार चिडचिडे वाटले, झटके आले, तर तडक रुग्णालय गाठावे.

‘पाच पेले पाणी’ हा सल्लाही पुरेसा नाही. दीडशेच्या पेल्याने पाऊण लिटर भरते, अडीचशेच्या पेल्याने सव्वा लिटर. त्यात २०० मिलिलिटरसाठीची छोटी पाकिटेही बाजारात मिळतात.

म्हणून पाण्याचे माप पाकिटावर सर्वांत ठळक अक्षरांत, मराठीत छापले जावे. आशाताईंनी पाकीट देताना घरातलेच एखादे भांडे मोजून त्यावर एका लिटरची खूण करून द्यावी. पाकीट फुकट वाटून आपले काम संपत नाही. पाणी मोजले, तरच ते औषध ठरते.