पॉवर सॉकेट कॉपी २

मागच्या शनिवारी ब्लॉग लिहिला नाही, ऑफिसात भांडण चालू होतं. ते आज इथे करतो.

तुम्ही बरेचजण कोडवाले, तेव्हा रेव्हिट माहीत नसेल. इमारतीचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर. त्यात सॉकेट, दिवा, पॅनल अशा वस्तूंच्या 'फॅमिली' असतात, फॅमिलीत 'टाइप', आणि भिंतीवर बसतो तो 'इन्स्टन्स'. क्लास आणि ऑब्जेक्टच समजा. टाइपमधला आकडा बदलला की त्याचे सगळे इन्स्टन्स बदलतात. याला घाबरून लोक ड्युप्लिकेट मारतात आणि पुढे जातात.

भामरागडकडच्या एका मुलींच्या वसतिगृहाचं इलेक्ट्रिकल आमच्याकडे होतं. जुलैत तिथल्या वायरमनचा फोन आला. (मी गडचिरोलीचा, म्हणून मला.)

"भाऊ, सोळाचे सॉकेट चौदा कमी आले. गीझरले सहाचेच लावून देऊ काय?"

मी "नाही!" असा ओरडलो की शेजारचा दचकला. मग फाइल उघडली. टाइप तीन: '१६ए सॉकेट', 'पंधराचा पॉवर' आणि 'पॉवर सॉकेट कॉपी २'. वस्तू एकच! आयएस १२९३ या मानकात ६ आणि १६ अँपिअर आहेत, पण बाजारात पाचचा-पंधराचा अजून चालतो. एकाने मानकातलं नाव घेतलं, दुसऱ्याने दुकानातलं. तिसऱ्याला फक्त उंची १२०० मिमी करायची होती. शेड्यूलमध्ये तीन ओळी पडल्या, खरेदीवाल्याने पहिलीच घेतली. आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. आता पाठवा सॉकेट नागपूरहून!

उंची ही इन्स्टन्सची गोष्ट आहे हो. दुकानातून वेगळी वस्तू आणावी लागणार असेल तरच नवा टाइप करा. एवढं साधं आहे, पण "डेडलाइन असते रे" म्हणणाऱ्यांना ते पटत नाही. ड्युप्लिकेट मारून वाचतात दहा सेकंद. ती कोणाच्या खिशातून जातात ते वायरमनला विचारा.

साहेबांचं म्हणणं, तू ॲड-इन लिही, सारखे टाइप शोधून एकत्र करणारं. मी नाही म्हणालो. 'पंधराचा' आणि '१६ए' एकच, पण '६ए' वेगळा, हे माझ्या स्ट्रिंग कम्पेअरला कोण सांगणार? टाइप कॅटलॉगची टेक्स्ट फाइल गिटमध्ये ठेवली तरी भागत नाही. प्रोजेक्टमध्ये लोड झालेला टाइप ही प्रतच असते, फाइल बदलून ती बदलत नाही. फॅमिली पुन्हा लोड करताना रेव्हिट विचारतं, पॅरामीटरच्या किमतीही पुसून नव्या घालू का? 'हो' म्हटलं तर साइटसाठी मुद्दाम केलेले बदल उडतात. 'नको' म्हटलं तर जुनी चूक तशीच राहते. तिथे निर्णय घेणारा एक माणूस लागतो, ज्याला विचारल्याशिवाय लायब्ररीत टाइप शिरणार नाही. कोडला रिव्ह्यू लागतो हे आपण कधीच मान्य केलंय, मग गीझरच्या सॉकेटने काय पाप केलंय? आणि हो, तो माणूस निदान एकदा साइटवर जाऊन आलेला असावा. चारची वायर हातात धरून बघितलेला.

पाणी उतरल्यावर सॉकेट पोचले. तोवर वायरमनने चौदा बॉक्स तसेच बंद करून ठेवले होते, सहाचे लावले नाहीत. सोमवारी साहेब ॲड-इनचं परत विचारणार आहेत.