फॉर्मॅट मारा लागते!

तर मंडळी, मुख्य बातमी आधी देऊन टाकते, म्हणजे फोन थांबतील. आजीच्या ओव्या सुखरूप आहेत. 41 च्या 41. (हुश्श!)

आता सविस्तर. नात्यातल्या ज्यांना संगणक म्हटलं की जांभई येते त्यांनीही वाचा, समजेल असंच लिहिते आहे. आणि जे ब्लॉगवाले मित्र या विषयात माझ्यापेक्षा पुढचे आहेत, त्यांनी चुका काढायला मागेपुढे पाहू नये.

झालं असं. वर्ध्याला बाबांकडे एक जुना लॅपटॉप आहे. पाच वर्षांपूर्वी तो इतका रडतखडत चालायला लागला होता की बटण दाबून बाबा चहा ठेवायला जायचे आणि चहा पिऊन झाला तरी तो उठलेला नसायचा. तेव्हा मीच त्यावर लिनक्स टाकून दिलं. बाबांना काय, मराठी टाइप करता आलं, पेपर वाचता आला आणि नातवंडांचे फोटो पाहता आले की झालं. निवृत्त गणित शिक्षक असल्यामुळे त्यांना एक सवय मात्र आहे. स्क्रीनवर आलेली प्रत्येक सूचना ते प्रश्नपत्रिकेसारखी वाचतात आणि उत्तर देतात. ऑगस्टमध्ये एक दिवस सूचना आली की नवी आवृत्ती उपलब्ध आहे, घ्यायची का? बाबांनी ‘हो’ म्हटलं. तासभर काहीतरी सरसर वर सरकत राहिलं, मध्ये एक लाल ओळ येऊन गेली, मग लॅपटॉप बंद होऊन सुरू झाला आणि काळ्या पडद्यावर येऊन थिजला.

दादा हिंगणघाटला असतो. तो रविवारी आला आणि लॅपटॉप गावातल्या एका दुकानात घेऊन गेला. तिथल्या मुलाने दोनदा बटण दाबून पाहिलं आणि निकाल दिला, “फॉर्मॅट मारा लागते भाऊ. डेटा गेला तं गेला. विंडोज टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा.”

दादाने सहज विचारायचं म्हणून मला फोन केला. मी ऑफिसमध्ये मीटिंगमधून उठून बाहेर पळाले. कारण त्या लॅपटॉपवर आजीच्या ओव्या होत्या. आजी 2019 मध्ये गेली. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात बाबांनी तिला जात्यापाशी बसवून (जातं रिकामंच, पण त्याच्या आवाजाशिवाय तिला ओवी आठवायची नाही) फोनवर एकेक ओवी रेकॉर्ड केली होती. तो फोन पुढे पाण्यात पडला. फायली तेवढ्या लॅपटॉपवर राहिल्या, फक्त लॅपटॉपवर. “बॅकअप लावून देते बाबा,” असं मी दोन दिवाळ्या म्हणत होते. घरातली संगणकतज्ज्ञ म्हणे मी!

“हात लावू देऊ नकोस,” मी दादाला म्हटलं. बाबांना फोन केला तर ते शांत. म्हणाले, “तू ये पोळ्याले, मग पाहू. काय बिघडलं हे समजल्याशिवाय कोणी काही पुसायचं नाही.” शाळेत फळा पुसायच्या आधी ते असंच म्हणायचे. चूक कुठे आहे ते सापडल्याशिवाय गणित पुसायचं नाही.

पोळ्याला गेले. येताना पेनड्राइव्हवर एक लिनक्स घालून आणलं होतं. लॅपटॉपमधल्या डिस्कला धक्का न लावता थेट पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करता येतो, ही यातली फार मोठी सोय. सुरू केला, डिस्क उघडली, ओव्यांचं फोल्डर दिसलं. पहिली फाईल लावली आणि जात्याची घरघर ऐकू आली तेव्हा आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, काही बोलली नाही. पुढची चाळीसेक मिनिटं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. दुरुस्तीला त्यानंतर हात घातला. हा क्रम लक्षात ठेवा.

आता बिघाड काय होता? संगणक सुरू होतो म्हणजे एकामागून एक चार-पाच जण एकमेकांना उठवतात. आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो ग्रब नावाच्या प्रोग्रॅमला उठवतो. ग्रब कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मेमरीत आणून सोडतो. कर्नलला पुढे डिस्क उघडायची असते. पण डिस्क उघडायची अवजारं पुष्कळदा डिस्कवरच ठेवलेली असतात! म्हणून कर्नलच्या सोबतीला गरजेपुरत्या अवजारांचं एक गाठोडं आधीच मेमरीत दिलं जातं. त्याला इनिट-रॅम-एफएस म्हणतात. शेतावरच्या विहिरीचा पंप आठवा. पाणी ओढण्यासाठी पंप, पण पंपात आधी बादलीभर पाणी ओतल्याशिवाय तो पाणी ओढत नाही. ते बादलीभर पाणी म्हणजे हे गाठोडं.

बाबांच्या लॅपटॉपवर नवा कर्नल आला, पण त्याचं गाठोडं बांधलंच गेलं नाही. कारण? जागा नव्हती. आणि जागा का नव्हती? कारण पाच वर्षांपूर्वी एका शहाण्या बाईने कुठल्याशा जुन्या लेखात वाचून या फायलींसाठी वेगळा कप्पा केला होता आणि काटकसर म्हणून त्याला जेमतेम 250 एमबी जागा दिली होती. (ती शहाणी बाई कोण ते ओळखा.) दोन जुने कर्नल आपापल्या गाठोड्यांसह तिथे बसलेले, तिसऱ्याच्या गाठोड्याला जागाच नाही. ती लाल ओळ हेच सांगत होती. पण सांगूनही अपग्रेड पुढे सरकत राहिलं.

पडद्यावर थिजलेलं वाक्य होतं, “कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (0,0)”. दुकानातल्या मुलाने पाहिलं ते हेच. वाचता येणाऱ्याला यात सगळं आहे. मला मुख्य डिस्क सापडत नाही, पुढे जाता येत नाही, म्हणून थांबलो. संगणक खरं बोलत होता. प्रश्न इतकाच की ऐकणारं कोणी नव्हतं.

दुरुस्ती म्हणाल तर एका दुपारची. सुरू होताना एस्केप दाबून ग्रबची यादी आणली आणि ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडला. अपग्रेडच्या वेळी जुना कर्नल लगेच फेकून देत नाहीत, तो अशाच दिवसासाठी. लॅपटॉप उठला, पण अर्धवट. चित्रं नाहीत, नुसता काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड मागतोय. तेवढं पुरे होतं. बूटचा कप्पा पाहिला तर 100 टक्के भरलेला. सर्वांत जुन्या कर्नलचं गाठोडं पेनड्राइव्हवर हलवलं (पुसलं नाही, हलवलं). मग अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण करायला सांगितली, नव्या कर्नलचं गाठोडं बांधायला लावलं, ग्रबची यादी ताजी केली. शेवटी सर्वांत जुना कर्नल रीतसर काढून टाकला. पुन्हा बटण दाबलं. बाबांचा बैलजोडीचा वॉलपेपर आला आणि बाबा म्हणाले, “एवढंच होतं?”

हो, एवढंच होतं. आणि एवढ्यासाठी 41 ओव्या पुसल्या जाणार होत्या.

आता मूळ मुद्द्यावर येते. मला त्या दुकानातल्या मुलाचा राग नाही. त्याचं गणित मला कळतं. फॉर्मॅटला किती वेळ लागतो ते ठरलेलं असतं, त्याचे पैसेही ठरलेले. निदानाला वीस मिनिटं लागतील की दोन दिवस, कोण सांगणार? आणि दोन दिवस घालवून “कप्पा भरला होता, रिकामा केला” म्हटलं तर आपणच म्हणणार, एवढ्याचे पैसे घेता? निदानाला आपण मोल देत नाही, म्हणून बाजारात फॉर्मॅट मिळतो. माझी तक्रार या सवयीबद्दल आहे. आपल्याच गावातला सायकलचा पंक्चरवाला बघा. ट्यूब आणली की तो आधी पाण्यात बुडवतो, बुडबुडे कुठून येतात ते बघतो, मग तिथेच ठिगळ लावतो. त्याने कधी “ट्यूबच बदलावी लागते” इथून सुरुवात केली नाही.

तुम्ही म्हणाल, लिनक्सचं नखरेल यंत्र म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात बांधलंस, त्याचंच हे फळ. थोडं खरं आहे. जागा नसताना अपग्रेड सुरूच होऊ नये, इतकी अक्कल त्या प्रोग्रॅमला हवी होती. आणि मराठी शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला ऐन संकटात असं अगम्य इंग्रजी का वाचायला लावावं, हेही विचारायला हवं. पण बूट न होण्याची मक्तेदारी लिनक्सकडे नाही. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक कंपनीची एक सदोष फाईल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. त्यावरचा उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाईल काढून टाकणं. कित्येक ठिकाणी माणसाने एकेका यंत्रापाशी जाऊन हाताने. म्हणजे तिथेही कोणीतरी आधी ट्यूब पाण्यात बुडवली, म्हणून लाखो संगणक पुसावे लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर मगन संग्रहालयात गेले. शाळेच्या सहलीत गेले होते त्यानंतर आत्ताच. गांधीजींनी 1938 मध्ये त्याचं उद्घाटन केलं होतं. तिथले चरखे पाहताना बाबांनी अखिल भारतीय चरखा संघाच्या स्पर्धेची गोष्ट काढली. 1929 मध्ये संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. तेव्हाचे एक लाख! अटी वाचण्यासारख्या होत्या. किंमत 150 रुपयांच्या आत, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावा, वेळेवर देखभाल केली तर निदान वीस वर्षं चालावा, आणि सुटे भाग बदलायचा वर्षाचा खर्च यंत्राच्या किमतीच्या 5 टक्क्यांहून जास्त नसावा. किर्लोस्करवाडीला त्यासाठी एक यंत्र तयारही झालं होतं, पण बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही.

मला त्या 5 टक्क्यांनी थांबवलं. गांधीजी यंत्राच्या विरोधात होते असं आपण सरसकट म्हणतो. इथे तर यंत्र हवंच होतं, पण ते किती सूत काढेल याच्याबरोबर ते मोडल्यावर काय होईल हेही आधीच विचारलं होतं. आज नवा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेल हे आपण विचारतो. पाचव्या वर्षी बॅटरी बदलून मिळेल का, हे कितीजण विचारतात? 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि गाड्याही आल्या. चांगलंच झालं. पण हक्क कागदावर मिळाला तरी दुरुस्त करणारा माणूस आणि धीर धरणारं गिऱ्हाईक या दोन गोष्टी सरकार कुठून आणणार?

माझं मत विचाराल तर, प्रत्येकाला दुरुस्ती आलीच पाहिजे असं मी म्हणणार नाही. आईने ग्रब शिकावं अशी माझी बिलकूल इच्छा नाही. (तिचीही नाही.) पण घरात, गल्लीत, निदान गावात एकाला तरी ती यायला हवी. यंत्राने त्या एकाला आत डोकावू द्यायला हवं. आणि आपण त्याला निदानाचे पैसे द्यायला हवेत, दुरुस्ती पाच मिनिटांत झाली तरी. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज 10 चा पाठिंबा संपल्यापासून नात्यातल्या तिघांनी मला विचारलं आहे की जुना लॅपटॉप भंगारात द्यावा का. देऊ नका, मला दाखवा. पण आधी बॅकअप. या बाबतीत माझं उदाहरण घेऊ नका!

निघायच्या आदल्या रात्री बाबांनी त्यांच्या डायरीत मागच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं:

1. लॅपटॉप उठला नाही तर घाबरू नये. पडद्यावरचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्यावं.
2. एस्केप दाबून यादी आणावी, आधीचा कर्नल निवडावा.
3. उठला तर प्रथम ओव्यांची नक्कल करावी.
4. फॉर्मॅटला ‘हो’ म्हणू नये. पोरीला फोन करावा.

चौथ्या कलमावर मी हरकत घेतली. म्हटलं, मी फोन उचलला नाही तर? बाबांनी जरा विचार केला आणि खाली पाचवं लिहिलं, “शेजारच्या अकरावीतल्या पोराला हे सगळं शिकवून ठेवावं.” शिकवणी पुढच्या रविवारपासून सुरू आहे म्हणे, जुन्याच फळ्यावर.

असो. ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत. एक वर्ध्याला, एक दादाकडे, एक माझ्याकडे. ज्यांना हव्या असतील त्यांनी कळवा. आणि तुमच्याकडे ‘फॉर्मॅट मारून’ काय काय गेलं, तेही सांगा.