सर्व्हरचीही नाडी बघा, डॉक्टर!

शनिवारची संध्याकाळ. माझ्या डॉक्टर मैत्रिणीचा दवाखाना हाऊसफुल्ल. बाहेर बारा पेशंट, आत टेबलासमोर सत्तरीच्या एक आजी. घसा सुजलेला, अंगात ताप. 'आजी, कुठल्या औषधाची ॲलर्जी?' 'छे गं बाई, मला कसली ॲलर्जी!'

मैत्रिणीनं फाईलवर क्लिक केलं. स्क्रीनवर ते सुप्रसिद्ध गोल गोल चक्र. दहा सेकंद, वीस, तीस... रिसेप्शनवरून आवाज आला, 'मॅडम, माझ्याकडे पण हँग!' वैतागून तिनं पॅड ओढलं, अमॉक्सिसिलिन लिहायला घेतलं आणि तेवढ्यात फाईल उघडली. वरतीच लाल अक्षरांत : पेनिसिलिन ॲलर्जी. अमॉक्सिसिलिन त्याच कुटुंबातलं. म्हणजे काय घडू शकलं असतं, विचार करा.

सोमवारी सॉफ्टवेअरवाल्याला फोन. त्याचं उत्तर रेडीमेड, 'सर्व्हर जुना झालाय, नवा घ्या.' रोग रेड्याला, औषध पखालीला! मशीनमध्ये तर १६ जीबी रॅम होती. शेवटी डेटाबेसमध्ये काम करणाऱ्या आमच्या एका मित्राला गळ घातली. पठ्ठ्या अगदी डॉक्टरसारखा वागला. आधी हिस्टरी, मग टेस्ट, औषध सगळ्यात शेवटी.

टेस्टचं नाव 'स्लो क्वेरी लॉग'. सॉफ्टवेअरच्या पोटात मायएसक्यूएल होतं. कुठला प्रश्न सोडवायला किती वेळ लागला, याची डायरी ते लिहू शकतं. पण ही सोय मुळात बंद असते आणि चालू केली तरी १० सेकंदांच्या वरचेच प्रश्न टिपते. मित्रानं मर्यादा १ सेकंदावर आणली आणि दोन दिवस ओपीडी चालू दिली. तिसऱ्या दिवशी चोर सापडले.

चोर नंबर एक : व्हिजिट्सच्या टेबलात पेशंट नंबरवर इंडेक्सच नव्हता. म्हणजे एका आजींची फाईल काढायला सर्व्हर दरवेळी लाखो ओळी पहिल्यापासून वाचायचा. 'एक्सप्लेन' ही कमांड दिली की हे लगेच दिसतं.

चोर नंबर दोन : नावाचा सर्च. टेलिफोन डिरेक्टरीत 'जोशी' झटकन सापडतो. पण 'ज्याच्या नावात कुठेतरी शी आहे' असा माणूस शोधायचा तर अख्खी डिरेक्टरी चाळावी लागणार. सॉफ्टवेअर नेमकं तेच करत होतं. सर्च नावाच्या सुरुवातीपासून लावून घेतला.

आणि रॅम? डेटा हाताशी ठेवायला मायएसक्यूएल जी जागा वापरतं, त्या बफर पूलचं डिफॉल्ट माप फक्त १२८ एमबी. १६ जीबीच्या घरात राहून बिचारा माळ्यावर झोपत होता! त्याला ६ जीबी दिले, बाकीचे इतर कामांना ठेवले. भर ओपीडीत चालणारा बॅकअप दुपारच्या सुट्टीत नेला.

इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत 'क्वेरी कॅश वाढवा' असा सल्ला हमखास मिळतो. २०१८ साली आलेल्या मायएसक्यूएल ८.० मधून ती कॅशच काढून टाकली आहे. त्यामुळे सल्ल्याचीही एक्स्पायरी डेट बघा, बॉस.

आता महत्त्वाचं. दोन गोष्टींना मित्रानं साफ नकार दिला. मैत्रीण म्हणाली, 'जुनी रेकॉर्ड्स उडवूया का?' तो म्हणाला, 'अगं, आजींची ॲलर्जी जुन्याच रेकॉर्डमध्ये होती ना?' दुसरी गोष्ट म्हणजे एक शॉर्टकट. प्रत्येक नोंद लगेच डिस्कवर पक्की करण्याऐवजी सेकंदातून एकदाच करायची. स्पीड वाढतो, पण तेवढ्यात लाईट गेली तर शेवटच्या सेकंदाभरातल्या नोंदी गायब. शॉपिंग साईटवर कुणी तेवढी रिस्क घेईलही. दवाखान्यात त्या एका सेकंदात कुणाची ॲलर्जी असेल, कोण सांगणार?

इंडेक्स टाकण्याआधी त्यानं पूर्ण बॅकअप घेतला, दुसऱ्या मशीनवर तो उघडून बघितला आणि मगच हात लावला. दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स ठोकला नाही, कारण प्रत्येक इंडेक्समुळे नवी नोंद लिहायला थोडा जास्त वेळ लागतो. औषधाचा डोस इथंही मोजूनच.

आज फाईल सेकंदाच्या आत उघडते. खर्च? तीन पिझ्झा आणि एक रविवार.

तुमच्या डॉक्टरांच्या स्क्रीनवर कधी ते गोल चक्र दिसलं, तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा. आणि तोपर्यंत आपल्या ॲलर्जीचं नाव एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. आई-बाबांच्या आणि आजीच्या पाकिटातही. ती चिठ्ठी कधी हँग होत नाही!