चिमणीपाशी हिशेब मांडाल तर खबरदार!

चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची वीजवाहिनी जाते. १५०० मेगावॅट वीज मुंबईच्या वेशीपर्यंत पोचवण्याची तिची क्षमता आहे. त्या तारांवरून वीज जाते, राख जात नाही. राख औष्णिक केंद्राजवळच्या दुर्गापूर-ऊर्जानगरच्या छपरांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि आमच्या छातीत बसते. म्हणून शहरांना कार्बनची मर्यादा वाटून देण्याआधीच आम्ही चंद्रपूरकर मंत्रालयाला बजावतो: धुराचा हिशेब वीज वापरणाऱ्याकडे न मांडता चिमणीपाशी मांडाल, तर तो आम्ही मानणार नाही.

आज शहरांना असा कोटा नाही, हे ठाऊक आहे. केंद्राने २०२३ साली आणलेली कार्बन क्रेडिट योजना कारखान्यांकडे बघते. पण निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी देशाने २०७० आणि मुंबईने २०५० हे साल जाहीर केलं आहे. ते गाठायचं तर आज ना उद्या शहरवार मर्यादा ठरवावीच लागेल. वाटणी उरकल्यावर ओरडून काही हाती लागत नाही, हे विदर्भाला कुणी शिकवायला नको.

मुंबई महापालिकेने २०२२ च्या आराखड्यात शहराचं २०१९ चं उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन धरलं. त्यातला सत्तर टक्क्यांहून मोठा वाटा ऊर्जेचा आहे. म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेचा धूरही मुंबईने स्वतःच्या नावावर लिहिला. हे प्रामाणिक काम आहे, आम्ही ते मानतो. टोकियोने २०१० पासून मोठ्या इमारतींना मर्यादा घातली, तेव्हाही वापरलेल्या विजेचा धूर वापरणाऱ्याच्याच खात्यावर टाकला. मग राज्याने तो चंद्रपूरच्या माथी मारणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मागच्या वर्षांचे आकडे बघून कोटा देण्याची पळवाटही चालणार नाही. ज्याने आजवर जास्त जाळलं त्यालाच पुढे जास्त जाळायचा हक्क, हा कुठला न्याय? माणशी मोजा. एका पंख्यावर उन्हाळा काढणाऱ्या घराचा वाटा वातानुकूलित मनोऱ्याला फुकट मिळता कामा नये.

टनामागे खर्च कमी पडेल तिथे आधी कपात करा, याला आमचा विरोध नाही. पण ती स्वस्त कपात कुठे सापडणार, हे आम्हाला दिसतं. आमच्या केंद्रातले २१० मेगावॅटचे दोन जुने संच बंद झाले, आणखी दोन आहेत. उद्या तेही थांबतील. धूर कमी झाल्याचं पुण्य शहरांच्या वहीत चढेल आणि कंत्राटी कामगार मात्र घरी बसेल. तसं होऊ देणार नाही. मर्यादा ओलांडणाऱ्या शहराने त्याचे पैसे इथे मोजावेत: कामगारांच्या नव्या रोजगारासाठी, राख उचलण्यासाठी, श्वसनविकारांच्या दवाखान्यांसाठी. आणि हे नियमात लेखी हवं, भाषणात नको.

नागपूरच्या येत्या हिवाळी अधिवेशनाचा पहिला दिवस ही शेवटची मुदत. त्या दिवशी सरकारने सभागृहात तशी लेखी हमी द्यावी. न दिल्यास औष्णिक केंद्राच्या प्रत्येक नव्या संचाच्या जनसुनावणीत आम्ही हरकत नोंदवू, हरित लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठापुढे जाऊ आणि राखेची पोती घेऊन विधानभवनाकडे निघू. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला पोलीस अडवतील, तर तिथेच ती रिकामी करू. पोती भरायला आम्हाला लांब जावं लागणार नाही, छपरं झाडली की पुरे.