मेंदूचें रंगीत चित्र आणि गणिताचा विवेक

एम. आर. आय. हें नांव आतां आमच्या हुडकेश्वरांतही घरोघर परिचयाचें झालें आहे. दुखणें शोधण्याकरितां काढितात तें नेहमींचें चित्र निराळें. परंतु याच यंत्रानें विचारांत गढलेल्या मेंदूचें जें रंगीत चित्र काढतात, तें डोळे मिटून प्रमाण मानावें काय, याचा विचार विद्यार्थ्यांनीं अवश्य केला पाहिजे.

मेंदूचा जो भाग काम करूं लागतो, तिकडे रक्ताचा ओघ वाढतो. प्राणवायूनें युक्त रक्त व प्राणवायु गमावलेलें रक्त यांचे चुंबकीय गुण भिन्न असतात. या भेदाचा उपयोग सेजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञानें १९९० सालीं दाखवून दिला. मात्र हा फरक फार सूक्ष्म, बहुधा शेंकडा एक-दोन इतकाच असतो. म्हणून मेंदूचे लाखभर बारीक घन कल्पून प्रत्येकाची संख्याशास्त्रानें परीक्षा घेतात, व जो घन उत्तीर्ण होईल त्यास रंग देतात. अर्थात् तो रंग म्हणजे एक अनुमान होय.

येथेंच घोटाळा होतो. एका मुलानें दहा वेळां नाणें उडवून दहाही वेळां छापाच पडला, तर आपणांस नवल वाटेल. पण हजार मुलांनीं तसें केलें, तर एखाद्याच्या वांट्यास तो योग येणें स्वाभाविकच आहे. त्यास कोणी सिद्धपुरुष म्हणणार नाहीं! त्याचप्रमाणें शेंकडा पांच चुकांची मुभा ठेविली, तर लाख घनांपैकीं सुमारें पांच हजार निष्कारण रंगतील. २००९ सालीं अमेरिकेंतील क्रेग बेनेट व त्यांचे सहकारी यांनीं मेलेला सॅल्मन मासा यंत्रांत ठेवून त्यास माणसांचीं छायाचित्रें दाखविलीं, तों त्याच्याही मेंदूंत कांहीं ठिपके जागृत दिसले ! परीक्षांच्या संख्येप्रमाणें कसोटी कडक करतांच ते नाहींसे झाले.

ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. २००८ सालीं पुण्याच्या न्यायालयानें एका खुनाच्या खटल्यांत मेंदूच्या विद्युल्लहरींच्या चाचणीस पुराव्यांत स्थान दिलें. ती पद्धति रक्तप्रवाहाची नव्हती. पण अनुमानावर माणसाचें आयुष्य तोलावें काय, हा प्रश्न तोच. २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें संमतीवांचून अशा चाचण्या करण्यास मनाई केली, हें आमच्या मतें योग्यच झालें. तथापि संमति मिळाली म्हणून चाचणी खरी ठरत नाहीं.

यंत्राचा अव्हेर करावा, असें आमचें म्हणणें नाहीं. मेंदूंतील गांठ काढण्यापूर्वीं वाचेचें स्थान ओळखण्यास शस्त्रवैद्यांस त्याचें साह्य होतें. पण असें चित्र जो कोणी पुढें करील, त्यास विद्यार्थ्यांनीं नम्रपणें विचारावें, "आपण परीक्षा किती घेतल्या, व कसोटी किती कडक ठेविली ?" हा प्रश्न विचारण्याचें सामर्थ्य गणिताच्या तासालाच अंगीं येतें, तो तास कंटाळवाणा मानणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.