लष्कर म्हणजे दवाखाना नव्हे

“एकदा मिलिटरीत गेला की पोरगं सरळ होईल!” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ज्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखे गाव आहे, तिथे सैन्याचा अभिमान असणारच; मलाही आहे. पण माझ्या 18 वर्षांच्या चुलतभावाकडे पाहिले की या वाक्याचा राग येतो. तो रात्र रात्र झोपत नाही, भरल्या ताटावरून उठून जातो आणि पहाटे 4 वाजता डांबरी रस्त्यावर धावत सुटतो. भरतीत 1600 मीटर धावायचे असते. ते त्याला जमेल. पण झोपेचे काय?

काका म्हणतात, तिथली शिस्त बघून घेईल. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, म्हणून माझे ऐकून घेतात; मानत नाहीत. अहो, 2022 पासून शिपायांची भरती अग्निपथ योजनेतून होते. चार वर्षांनी फार तर चारांतला एक कायम राहतो. मग हाच मुलगा, हेच मन घेऊन परत येणार नाही कशावरून?

डॉक्टरांचे नाव काढले की तो घाबरतो. “ताई, कागदावर आलं तर मेडिकलला काढतील.” भीती खोटी नाही; तपासणीत मानसिक आजारही पाहतात. तरी मी म्हणाले, भरती पुढच्या वर्षीही निघेल, आधी झोप. त्याचे स्वप्न कुणी हसण्यावारी नेऊ नये, तसे ते औषध म्हणून पाजूही नये.

परवा त्याने टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर मुकाट्याने वहीत उतरवून घेतला. फोन अजून केलेला नाही. पहाटे मी घड्याळ घेऊन त्याच्याबरोबर जाते. विचारत मात्र नाही.